राजाला ताप आला

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात दोन आवाज बरोबरीनं चालत. एक आईच्या भाकरी थापण्याचा आणि दुसरा अप्पांचा. अप्पा मानवतच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. दिवसभर खिडकीआड बसून ते भोंग्यातून गाड्या पुकारत, आणि घरी आल्यावरही तो आवाज उतरत नसे. शर्ट खुंटीला लावला, हातपाय धुतले, की चुलीपासून जरा लांब, ज्वारीच्या पोत्याला पाठ टेकून ते बसत आणि त्याच पुकारणीच्या सुरात सांगू लागत, "राजा इंद्रपाल सिंहासनावरून उठला. अवघा दरबार उभा राहिला. भांडारी नागदेव मात्र जागचा हलला नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं." समोर पाटावर बसून माझी थोरली बहीण, आक्का, ते लिहून घेई. आई मधेच म्हणायची, "आवं, जरा दमानं. पोरीचा हात हाय का मशीन?" अप्पा थांबत. भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज येई, तिच्यावर पाणी फिरे, आणि मग पुन्हा दरबार भरे.

अप्पांना राजे-रजवाड्यांचं वेड कुठून लागलं ते मला सांगता येणार नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते डोक्यात कादंबरी रचत. त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नसे, म्हणून लिहायचं काम आक्काचं. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. माझ्याकडे माणसं सांभाळायचं काम होतं. कोण कुठं आहे, कुणाला काय ठाऊक आहे, कोण जिवंत आहे आणि कोण नाही. एकदा अप्पांनी सेनापतीला मोठ्या थाटात घोड्यावर बसवलं तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, हा मागच्या प्रकरणात गेला."

"गेला? कसा काय?"

"तुम्हीच बुरुजावरून पाडला की."

"आरं तिच्या," अप्पा म्हणाले आणि सेनापतीला घोड्यावरून उतरवलं. आई हसून हसून लाल झाली. आज मी परभणीत एका दवाखान्याची कचेरी सांभाळते. कुणाची पाळी, कुणाची सुट्टी, कुठल्या खाटेवर कोण, हे माझ्या तोंडपाठ असतं. लोक विचारतात ही शिस्त कुठं शिकलात, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर ती त्या सेनापतीनं शिकवली.

कादंबरीतलं कोडं असं होतं. गोदाकाठच्या एका लहानशा राज्यात दुष्काळ पडलेला. राजा इंद्रपालाला कुणीतरी मारणार अशी कुणकुण दरबारात लागलेली. त्यामुळे त्याच्या पानातला प्रत्येक पदार्थ आधी एक चाखणारा खाई, थोडा वेळ जाऊ देई आणि मगच राजा जेवे. तरीही एका दुपारी जेवता जेवता राजा कोसळतो आणि चाखणारा मात्र ठणठणीत. विष होतं कशात? हे अप्पांनाच सापडत नव्हतं. कितीतरी दिवस ते जेवताना आपल्याच ताटाकडे संशयानं बघत. शेवटी एकदा आई धपाटे वाढत होती, तिनं ताटाच्या डाव्या अंगाला मीठ वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली, "मीठ कोण चाखायलंय? भाजी चाखतील, वरण चाखतील. मिठाची चिमूट तोंडात टाकून कोण बघतंय, सांगा बरं."

अप्पा भरल्या ताटावरून उठले. खरकट्या हातानं अंगणात गेले, परत आले. "अगं, तू राजा मारलास!" ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "बरं झालं. आता बसा आन् खावा."

त्यानंतर सगळं आपोआप जुळलं. राजाचं मीठ वेगळं, ते भांडारात कुलपात असायचं, कुलपाची किल्ली एकच आणि ती भांडारी नागदेवाच्या कमरेला. राजा दुष्काळात भांडार उघडून लोकांना धान्य वाटणार होता. पण नागदेवानं धान्य केव्हाच परक्या राजाला विकलेलं होतं. दार उघडलं असतं तर आत फक्त उंदीर सापडले असते. मारेकरी नागदेवच. दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. म्हणूनच अप्पांनी त्याला पुस्तकभर देवमाणूस केला होता. पुरातून युवराजाला वाचवणारा तोच, स्वतःच्या लेकरांच्या तोंडचा घास भिकाऱ्याला देणारा तोच. "वाचणाऱ्यानं त्याच्यावर जीव लावला पाहिजे," अप्पा म्हणत. "तरच शेवटी धक्का बसतो." शेवटचं प्रकरण ते आम्हाला चुलीपाशी अनेकदा तोंडी सांगत. भरल्या दरबारात नागदेव कसा पकडला जातो, हे सांगताना आईसुद्धा हात थांबवून ऐकायची. पण ते लिहून घ्यायचं म्हटलं की अप्पा नको म्हणत. त्यांचा नियम होता, आधीची गाडी सुटल्याशिवाय मागची फलाटावर घ्यायची नाही. शेवट शेवटीच लिहायचा.

त्याच सुमाराला आक्कासाठी स्थळं बघणं चालू होतं. पहिल्या मंडळींनी तिची उंची काढली. दुसरे सगळं खाऊन-पिऊन, हसून-बोलून गेले आणि त्यांनी निरोपच पाठवला नाही. त्या काळात आक्काचं लिहिण्यात लक्ष राहिलं नाही आणि तिनं एकदा राणीऐवजी चुकून सासूबाई लिहिलं. मग आईचा धाकटा भाऊ, आमचा वैजनाथमामा, एक स्थळ घेऊन आला. मामा पिकांवरची औषधं विकत गावोगाव फिरे. पालमच्या पुढच्या एका खेड्यात एक घर होतं. त्यांना सगळे कोठीवाले म्हणत. त्यांचा पूर्वज म्हणे कुठल्याशा राजाची कोठी, म्हणजे धान्याचं भांडार, सांभाळायचा. कुठला राजा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या कोठीची वीतभर लांब लोखंडी किल्ली त्यांच्या देवघरात होती आणि दसऱ्याला ते तिची हळद-कुंकू वाहून पूजा करत. घरचे कर्ते अण्णासाहेब. मुलगा शिवराज, पालमला त्याचं शेतीपंपांचं दुकान.

मामाच्या हातून जे झालं ते तो आजही कपाळावर हात मारून सांगतो. तो रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा आक्का त्याला झालेली प्रकरणं वाचून दाखवे. नागदेवाच्या चांगुलपणाला तो डोळे पुसायचा. शेवट त्याला कुणी सांगितला नव्हता, कारण अप्पांना त्याच्यावरच धक्क्याचा प्रयोग करायचा होता. आणि मामा अण्णासाहेबांना जाऊन म्हणाला, "आमच्या दाजींच्या कादंबरीत कोठी सांभाळणारा हाय. असा माणूस म्या जन्मात बघितला न्हाई. त्यो तुमचाच पूर्वज असणार, पैज लावतो."

अण्णासाहेब पाहायला आले ते पालमच्या गाडीनं, चार माणसं घेऊन. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. मुलीला काही विचारा म्हटल्यावर, मामाकडून कादंबरी ऐकलेल्या शिवराजनं खाली मान घालून एकच विचारलं, "विष कोणी घातलं?" आक्का म्हणाली, "अजून बरीच प्रकरणं आहेत." तो हसला. आक्काही हसली, आणि मी दाराआडून बघताना मला कळलं की हिला हे घर पाहिजे. मागच्या दोन वेळा ती चहाच्या कपांकडे बघत बसली होती.

"आमाला हुंडा-फिंडा काय नको," अण्णासाहेब म्हणाले. "पोरगी पसंत हाय. फकस्त आमच्या पूर्वजाचं नीट लिवा, एवढंच मागणं."

अप्पा गडबडले. "अण्णासाहेब, पण तो राजा खरा नाही. इंद्रपाल मी माझ्या मनानं रचलाय."

"तुमाला वाटायलंय तुमी रचला म्हणून. माणसाला असं उगंच सुचत असतंय व्हय? वरून कुणीतरी सांगायलंय. आमाला पिढ्यान् पिढ्या राजाचं नाव ठावं नव्हतं, आज कळलं." व्याही ठरल्यासारखा त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला. "इवाई, आमचं खानदान खाल्ल्या मिठाला जागणारं हाय. ते तुमी बराबर वळखलंत."

आतल्या खोलीत आईच्या हातातली पळी भांड्यात पडली.

त्या दिवशी अप्पांनी खरं सांगितलं असतं तर, हा विचार मी पुढं खूपदा केला. मुलीचा बाप, समोर वरपिता, तो काही मागत नाही, उलट उदार होतो आहे, आणि आत मुलगी पहिल्यांदाच हसली आहे. अशा वेळी "तुमचा पूर्वज खुनी आहे, पण मनातला" हे वाक्य कुठून सुरू करायचं?

सुपारी फोडायला ते गाडी भरून आले. सुपारी फुटली, साखर वाटली, आणि अण्णासाहेबांनी फर्मावलं, "इवाई, वाचा." अप्पांनी पुराचं प्रकरण वाचलं. नागदेव दोरीनं झाडाला बांधून घेतो आणि युवराजाला खांद्यावर धरून अख्खा दिवस पाण्यात उभा राहतो, ते प्रकरण. पाहुण्यांतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. अण्णासाहेब उभे राहिले. "ऐका सगळे. ही कादंबरी आमी छापणार. समदा खर्च आमचा. लग्नात येणाऱ्या परत्येक माणसाला टावेल, टोपी आन् एक पुस्तक." टाळ्या पडल्या. मामानं शिट्टी मारली. अप्पांचं पुस्तक छापलं जावं हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं, आणि ते पूर्ण होण्याची घोषणा ऐकताना त्यांचा चेहरा गाडीखाली पाय सापडल्यासारखा झाला होता.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी मामाला समोर बसवलं. "वैजनाथ, तू शेवट ऐकला होतास का रे?"

"न्हाई. काय हाय शेवट?"

शेवटी आईनं सांगितलं. मामाचं तोंड उघडं ते उघडंच. मग तो म्हणाला, "आता गं बया. दाजी, मग दुसऱ्या कुणाला तरी करा की खुनी! एवढा मोठा दरबार हाय, एक माणूस मिळंना का?"

म्हणून आम्ही माणूस शोधायला बसलो. हे काम माझ्यासारखीचं होतं आणि मी ते नेटानं केलं. कादंबरीतलं एकेक माणूस घेतलं आणि तपासलं. आचारी? मीठ त्याच्या हातून जातच नव्हतं, आणि आईनं बजावलं, "सैपाक करणाऱ्याच्या माथी मारलं तर मी तुमाला जेवायला वाढणार न्हाई." चाखणारा? त्याला वेगळ्या वाटीत काढून देत, राजाच्या पानाला हात लावायची मुभा नव्हती. धाकटी राणी? तिनं झोपलेल्या नागदेवाच्या कमरेची किल्ली चोरली, असं करता आलं असतं. अप्पांना ते जरा बरं वाटलं, त्यांनी मामामार्फत पालमला अंदाज घेतला. उत्तर आलं, आमचा माणूस गाफील दाखवू नका.

हे निरोप कसे यायचे तेही सांगायला हवं. पालमची गाडी बसस्थानकात शिरली की कंडक्टर खाली उतरून सही घ्यायला अप्पांच्या खिडकीशी येई आणि भर गर्दीत निरोप सांगे. "कंट्रोलर सायेब, कोठीवाल्यांनी सांगितलंय, भांडाऱ्याला घोडा पाहिजे. पांढरा." दुसऱ्या खेपेला, "राणीपुढं वाकला असं लिवू नका म्हणायलेत." मग, "किल्ली वीतभर लिवा, बोटभर नको." रांगेतले प्रवासीही त्यात भाग घेत. एकजण म्हणाला, "सायेब, घोड्याला नाव बी द्या की." अप्पा सही करत, शिक्का मारत आणि भोंगा हातात घेऊन पुढची गाडी पुकारत. घोडा आला, राणी वाकवली गेली, किल्ली लांबली. अप्पा घरी येऊन हे सगळं सांगत आणि आक्का लिहून घेई. पण शेवटच्या प्रकरणाशी आलं की दोघंही थांबत. खुनी कुणालाही केला तरी मीठ आडवं येई, आणि मीठ काढून टाकावं तर आधीच्या प्रकरणांत ते इतक्या ठिकाणी मुरलेलं होतं की सगळी कादंबरीच नव्यानं सांगावी लागली असती. छापखाना पुढचा मजकूर मागत होता. लग्नाची तारीख धरलेली होती.

शेवटी सुट्टीच्या दिवशी अप्पांनी इस्त्रीचे कपडे घातले आणि म्हणाले, "मी जाऊन स्पष्ट सांगून येतो. कादंबरी आहे, मनाला लावून घेऊ नका म्हणतो. समजूतदार माणूस आहे." ते सकाळच्या गाडीनं पालमला गेले. आईनं दिवसभर काही खाल्लं नाही. आक्कानं घरातली सगळी भांडी काढून पुन्हा घासली, घासलेलीसुद्धा. दिवेलागणीच्या आधी अप्पा परत आले, पायरीवर बसले आणि चप्पल काढायचं विसरले.

"सांगितलं का?" आईनं विचारलं.

"किल्ली दाखवली त्यांनी. पाटावर ठेवून, फूल वाहून. मला नमस्कार करायला लावला."

"म्हंजे सांगितलं न्हाई."

"खोली रंगवलीय आक्काची," अप्पा म्हणाले. "भिंतीत फळी ठोकलीय. म्हणाले, सूनबाईला वाचायचा नाद हाय, पुस्तकं लागतील ठेवायला." मग ते म्हणाले, "मला तिथं तोंड उघडता आलं नाही."

आक्का आतून बाहेर आली. तिचे हात राखेनं भरलेले होते. "अप्पा, तुम्ही म्हणालात तर मी नको म्हणते," ती म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही."

"तुला करायचंय का तिथं?"

ती हातावरची राख चोळत राहिली. अप्पांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं "हो" म्हटलं, इतकं हळू की आईनं मला "काय म्हणाली?" म्हणून विचारलं. मी सांगायच्या आत अप्पा उठले होते.

"हात धू," ते आक्काला म्हणाले. "लिहायला बस."

ती बसली. अप्पा नेहमीसारखे पोत्याला टेकले. आईनं त्या दिवशी भाकऱ्या आधीच केल्या होत्या, त्यामुळे घरात दुसरा आवाज नव्हता. अप्पांचा आवाजही पुकारणीचा नव्हता. खिडकीशी येऊन कुणी खासगीत गाडीची चौकशी करावी, तसा होता.

"राजाला ताप आला," ते म्हणाले.

आक्कानं लिहिलं आणि मान वर केली. "पुढं?"

"वैद्यानं काढे दिले."

"हं."

"उतार पडला नाही."

आक्का थांबली. "मग, अप्पा?"

"मग काय. गेला."

मी तिथंच होते. माणसं सांभाळायचं काम माझं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळी माणसं उभी होती, चाखणारा, आचारी, राणी, सगळी आपापल्या जागी खोळंबलेली. मी म्हणाले, "आणि मीठ?"

"मिठाचं राहू दे," अप्पा म्हणाले.

नागदेव धाय मोकलून रडला, युवराजाला गादीवर बसवलं आणि त्यानं मरेपर्यंत इमानानं भांडार सांभाळलं, एवढं अप्पांनी सांगितलं. धान्य कुठं गेलं होतं याचा उल्लेखच झाला नाही. सगळं मिळून पानभरसुद्धा भरलं नाही. आक्कानं खाली आपल्या सुंदर अक्षरात 'समाप्त' लिहिलं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती म्हणाली, "एवढं डोकं लावून मारला व्हता त्याला," आणि मग ती आणि आक्का दोघी रडल्या. अप्पा उठून बाहेर गेले.

लग्न थाटात झालं. दोन दिवस आधीपासून घरात येसराच्या डाळी-मसाले भाजल्याचा वास होता आणि अंगणात शेजारणी जात्यावर बसलेल्या. मांडवाच्या दाराशी मामा उभा राहून टॉवेल, टोपी आणि कादंबरी वाटत होता. लहान पोरं पुस्तकानं वारा घेत होती. अण्णासाहेबांनी जेवणावळीत उभं राहून शेवटचं प्रकरण स्वतः वाचलं आणि नागदेव रडतो तिथं उपरण्यानं डोळे पुसले. त्यांनी अप्पांना मिठी मारली. मला त्या माणसाचा राग करायचा होता. पण पुढं आक्का बाळंतपणात अडली तेव्हा स्वतः जीप चालवत तिला नांदेडला नेणारे तेच होते, आणि रस्ताभर तिला धीर देत होते. त्यामुळे राग कुठं ठेवायचा ते मला कळलं नाही.

पुस्तक घरोघर गेलं आणि लोकांनी ते वाचलंही. मग ते अप्पांच्या खिडकीशी येऊ लागले. एक निवृत्त गुरुजी होते, ते सेलूच्या गाडीची वाट बघता बघता म्हणाले, "कंट्रोलर, सबंध पुस्तकभर मिठाच्या मागं धावायला लावलंत, आणि राजा तापानं गेला? हे काय?" अप्पा म्हणाले, "गुरुजी, माणसं तापानंही जातात." "जातात हो. पण त्याची कादंबरी कशाला लिहायची?" मागच्या रांगेत हशा झाला. मी डबा घेऊन गेले होते. अप्पांनी भोंगा उचलला आणि सेलूची गाडी पुकारली. ती अजून आलेली नव्हती. त्यानंतर त्यांनी एक ओळही सांगितली नाही. संध्याकाळी ते रेडिओ लावून बसत. माझ्याकडे कुणाला सांभाळायचं काम उरलं नाही. पुढं मी शिकायला परभणीला आले.

शिवराजभाऊंनी मात्र ओळखलं होतं. आक्कानं मला ते पहिल्या दिवाळीला सांगितलं. पुस्तक वाचून झाल्यावर ते तिला म्हणाले, "ताप नव्हता." ती म्हणाली, "हळू बोला. मामंजी ओसरीवर हायत." त्या घरात दर दसऱ्याला किल्लीची पूजा झाली की अण्णासाहेब तिला पुराचं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण वाचायला लावत. आजूबाजूची माणसं ऐकायला येत. तिनं ते किती दसरे वाचलं असेल, आणि प्रत्येक वेळी 'राजाला ताप आला' म्हणताना शिवराजभाऊ उठून बैलांना पाणी दाखवायला जात.

आता अण्णासाहेब नाहीत. आईही नाही. अप्पा माझ्याकडे परभणीत असतात. चालणं कमी झालंय, ऐकू बरं येतं, जुन्या गाड्यांच्या वेळा अजून पाठ आहेत. मला हातातलं काम अर्धवट ठेवायची सवय नाही, म्हणून मी ठरवलं की कादंबरी पुन्हा छापायची, खऱ्या शेवटासह. छापखान्याशी बोलले, कागदाचा भाव विचारला, शिवराजभाऊंना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. अडचण एकच होती, शेवट कुठंच लिहिलेला नव्हता. तो चुलीपाशी सांगितलेला. नागदेव खुनी आणि विष मिठात, इतकं आम्हा बहिणींना ठाऊक होतं, पण भरल्या दरबारात तो पकडला कसा जातो, तिथं आमची तोंडं दोन दिशांना. मी म्हणते चाखणाऱ्यानं त्याला पकडलं. आक्का म्हणते नागदेवानं स्वतःच्या पानात मीठ वाढू दिलं नाही आणि धाकट्या राणीनं ते पाहिलं. आई असती तर तिनं सांगितलं असतं.

म्हणून गेल्या पंचमीला आक्का आली तेव्हा आम्ही दुपारी गॅलरीत अप्पांच्या खुर्चीशी बसलो. आक्कानं मांडीवर कागद घेतला. आता तिला चष्मा लागतो, अक्षर मात्र तसंच आहे.

"अप्पा," मी म्हणाले, "राजा इंद्रपाल कशानं मेला?"

"तापानं."

"ते छापलंय ते. तुम्ही आम्हाला सांगायचात ते सांगा. मिठाचं."

चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मिठाचं काय?"

"नागदेवानं मिठात विष घातलं होतं ना? मग दरबारात त्याला कुणी पकडलं?"

"नागदेवानं काही केलं नाही," अप्पा म्हणाले. "कोण म्हणतं? चांगला माणूस होता तो. राजाला ताप आला होता. मीच तर सांगितलंय, हिनं लिहून घेतलंय."

मी पुन्हा विचारणार होते. मी आईची आठवण करून दिली, धपाट्यांची, खरकट्या हातानं अंगणात गेल्याची. ते मान हलवत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते मला कळलं नाही, आणि मी रोज आजारी माणसांत वावरणारी बाई आहे. मग ते आक्काकडे वळले. त्यांनी तिचा हात धरला.

"घरी सगळं बरं हाय ना? अण्णासाहेब काय म्हणतात?"

अण्णासाहेबांच्या मातीला अप्पा स्वतः गेले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा आक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

"बरे आहेत, अप्पा," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक वाचत असतात."

"तुला कुणी काही बोलत न्हाई ना?"

"न्हाई, अप्पा. कुणी काही बोलत न्हाई."

"मग राहू दे," अप्पा म्हणाले.